बारा नंबरवर माझी खोली

सोमवार, ३ नोव्हेंबर १९९७

आले एकदाची! श्रीरामपूर ते देवळाली प्रवरा एवढ्याशा रस्त्यात टेम्पोवाल्याने इतके धक्के दिले की कुकरची शिट्टी कुठेतरी पडली, पण मी आणि माझा छोटा टीव्ही धडधाकट पोचलो. आजपासून मी, वृषाली साळवे, बी. एस्सी., साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट आणि या वसाहतीतल्या 'ब' इमारतीत अकरा नंबरच्या खोलीची मालकीण. खरं तर भाडेकरू. पण आजचा दिवस मालकीणच म्हणणार.

वसाहत कारखान्याची नाही. काही कामगारांनी आणि शिक्षकांनी मिळून बांधलेली. दोन दुमजली इमारती समोरासमोर, मधे फरशीचं अंगण, त्यात सामाईक नळ, बदामाचं झाड आणि पाण्याची टाकी. कंपाउंडच्या पलीकडे चारी बाजूंना ऊस.

खोलीत सगळ्यात काय आवडलं असेल तर दार. जाड सागवानी, आतून लोखंडी कडी. श्रीरामपूरला आम्ही दोन खोल्यांत सात जण. बंद होणारं दार एकच, मोरीचं, तेही पत्र्याचं, आणि बाहेर कायम कुणीतरी "आटप लवकर" म्हणत उभं. सव्वीस वर्षांची झाले, तरी कडी लावून नुसतं बसून राहणं काय असतं ते मला माहीत नव्हतं. आज सामान लावून झाल्यावर कडी लावली आणि पंधरा मिनिटं काहीही केलं नाही. मग एकटीच हसले. बघायला कुणी नव्हतं म्हणून जरा जास्तच हसले.

संध्याकाळी वसाहतीचे सेक्रेटरी काकासाहेब म्हसे नारळ घेऊन आले. कारखान्याच्या वजनकाट्यावरून निवृत्त झालेले, गोड बोलणारे गृहस्थ. अंगणाच्या चार कोपऱ्यांतले चार कॅमेरे त्यांनी मला एखादा नवा बैल दाखवावा तसे दाखवले. गेल्या वर्षी विहिरीवरची मोटर चोरीला गेली, तेव्हा पुण्याहून आणवले म्हणे. "आता हितून सुई हलत न्हाई, पोरी," म्हणाले. मी म्हटलं, वा.

ही वही दादांनी दिली. माझे वडील, एसटीत कंट्रोलर होते. मुलगी घराबाहेर पडताना लोक काय काय उपदेश करतात. आमच्या दादांचा एकच: जे मागायचं ते लेखी माग, आणि पोच घेतल्याशिवाय टेबलासमोरून हलू नकोस.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

काम जमतंय. दर तासाला उसाच्या रसाचा नमुना घ्यायचा, साखर किती ते काढायचं, नोंद करायची. हात चिकट आणि केसांना मळीचा वास, पण मला आवडतं. प्रयोगशाळेत बाई मी एकटीच. पहिल्या दिवशी सगळे मला खुर्ची द्यायला धावले. तिसऱ्या दिवशी चूक काढली तेव्हा कुणी धावलं नाही.

आज केबलवाला पंकज येऊन वायर जोडून गेला. टाकीखालच्या खोलीत त्याचं सगळं यंत्र आहे. सहज त्याने सांगितलं की बारा नंबरवर वसाहतीचं चॅनेल लागतं. मला वाटलं, भजनं वगैरे असतील. लावून बघते तर आमचंच अंगण! नळ, झाड, जिना, गेट, दर दहा सेकंदांनी चित्र बदलतं. कॅमेऱ्यांची वायर पंकजच्या यंत्रातून घरोघर गेली आहे. म्हणजे चाळीस घरं दिवसभर हे बघू शकतात.

बघतातही. समोरच्या 'अ' इमारतीतली दीपा दिवाळीचे उरलेले अनारसे घेऊन आली होती. नवरा कारखान्यात फिटर, दोन मुलं शाळेत, बाई मोठी मनमोकळी. तिने माझ्या खाटेवर बसून अर्धा तास बारा नंबर बघितलं. मालिकेपेक्षा हे भारी, म्हणाली. त्या वेळी रतनबाई, वसाहतीची झाडलोट करणारी, अंगण झाडत होती. खिडकीतून ती प्रत्यक्ष दिसत होती, दोन पावलांवर खिडकी. पण दीपाने तिकडे एकदाही मान वळवली नाही. जाताना मला म्हणाली, "ताई, तुम्ही जिना उतरताना सारखं खाली बघता हो." मला गंमत वाटली.

रविवार, ९ नोव्हेंबर

गंमत संपली. सकाळी प्रयोगशाळेतला तुषार पाळीचा तक्ता द्यायला आला. दारात उभा राहून पाणी प्यायला आणि गेला. सात मिनिटं लागली. सात हे मला कसं माहीत? दुपारी नळावर मला सांगण्यात आलं.

संध्याकाळी काकासाहेबांनी अगदी मायेने विचारलं, पाव्हणा कोण होता? नव्या लोकांकडं कोण येतं-जातं यावर जरा लक्ष असलेलं बरं, म्हणाले. नवे म्हणजे कुठले, ते मला कुणी फोड करून सांगायची गरज नाही. बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो मी पहिल्याच दिवशी भिंतीवर लावलाय आणि त्या दिवशी दार उघडं होतं.

डोक्यात अशी तिडीक गेली की जेवणही केलं नाही. अर्ज लिहायला बसले. कॅमेऱ्याचं तोंड कुणाच्या दाराखिडकीकडे नसावं. चित्र केबलवर जाऊ नये, चित्रणाची कॅसेट सेक्रेटरींच्या कपाटात राहावी. आठ दिवसांनी ती पुसावी. ज्याचं चित्र आहे त्याने मागितलं तर त्याला दाखवावं, इतरांना नाही. आणि नव्या माणसाला हे सगळं आधी सांगावं, त्याला विचारावं. पाच कलमं, सुवाच्य अक्षरात, दोन प्रती.

काकासाहेबांनी चष्मा लावून वाचलं आणि विचारलं, हे कुठल्या कायद्यात लिवलंय? मी म्हटलं, कुठल्याच नसेल. प्रत्येक कायदा आधी कुणीतरी लिहिलेलाच असतो, हा आपण लिहू. ते हसले. पोच मात्र दिली, कारण ती घेतल्याशिवाय मी उंबऱ्यावरून हललेच नाही.

रविवार, १६ नोव्हेंबर

आठवडाभर सह्या मागत फिरले. एकोणचाळीस घरं. सगळ्यांनी चहा दिला, सही कुणीही दिली नाही. जो तो एकच म्हणे, आपल्या मनात काही नसेल तर भ्यायचं कशाला? दीपाही तेच म्हणाली, आणि म्हणताना टीव्हीकडे बघत होती.

एक सही मिळाली. रतनबाईची. प्रौढ साक्षरतेच्या वर्गात शिकलेली, रेघ सोडून वर चढलेली सही. तिचं माहेर शनिशिंगणापूर. मी म्हटलं, तुमच्याकडे तर घरांना दारंच नाहीत, मग तुम्हाला हे का खटकतं? जिना पुसता पुसता ती म्हणाली, "दारं न्हाईत, पर कुनी कुनाच्या घरात डोकावत बी न्हाई. पावना आला तर भाईर उभं ऱ्हाऊन हाळी देतो, या म्हनलं की मगच आत. फळी लावतो ती कुत्र्यापायी. तिथं कुनी बघत न्हाई म्हनून दार लागत न्हाई, बाई."

मी तिच्या सहीखाली तारीख घातली. एकोणचाळीस घरांत नाही मिळालं ते जिन्यावर मिळालं, याचा मला अभिमान वाटला.

रविवार, २३ नोव्हेंबर

अंगणात वसाहतीची बैठक. मला वाटलं माझा अर्ज निघेल. निघाला भलताच ठराव.

काकासाहेब उभे राहिले. शिंगणापुरात देव राखतो म्हणून दारं नाहीत, म्हणाले. आपल्याकडं क्यामेरा राखतो, मग आपल्याला तरी दारं कशाला? ज्याच्या घरात लपवण्यासारखं काही नाही त्याने दार काढावं, सक्ती नाही. टाळ्या पडल्या. मी उभी राहून म्हटलं की देवावर विश्वास टाकणं आणि शेजाऱ्यावर पाळत ठेवणं या दोन गोष्टी एक नाहीत. रतनबाई मागून मोठ्याने "व्हय" म्हणाली. बाकी कुणी नाही.

दुपारीच सुतार आला. संध्याकाळपर्यंत टाकीमागे दारांची थप्पी लागली, पाट्यांसकट. दीपाचं दार सगळ्यात वर आहे, त्यावर मुलांची उंची मोजल्याच्या पेन्सिलीच्या खुणा. चाळीसांतलं एकच दार जागेवर आहे. माझं. मी कडी लावून, भाजणीचं थालीपीठ करून, मजेत खाल्लं.

रतनबाईला उद्यापासून कामावर येऊ नको म्हणून सांगितलंय. सहीमुळे. मी काकासाहेबांकडे जाऊन भांडले. ते हसत होते. मग मी लेखी निषेध दिला आणि त्याचीही पोच घेतली.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

सकाळी दीपाने तिच्या बिनदाराच्या घरातून हाक मारली, "ताई, काल वरण करपलं ना? किती वेळ खरवडत बसला होता!" वास गेला असेल, असं म्हणून मी सोडून दिलं. मग नळावर दुसरीने विचारलं, गुडघ्याला काय झालं, तेल चोळत होता ते?

तेल मी कडी लावून चोळलं होतं. खिडकीला पडदा होता.

वर आले, टीव्ही लावला. बारा नंबर. नळ. झाड. जिना. गेट. आणि मग पाचवं चित्र.

माझी खोली. वरून, खिडकीच्या बाजूच्या भिंतीतून. खाट, स्टोव्ह, फोटो, कडी लावलेलं दार, आणि टीव्हीसमोर पाठमोरी उभी असलेली एक बाई. मी डावा हात वर केला. तिने डावा हात वर केला.

भीतीपेक्षा संताप जास्त आहे हे इथे नोंदवून ठेवते. स्टुलावर चढून ती भिंत इंच न् इंच चाचपली. भोक नाही, वायर नाही. चुना आणि कोळ्याचं जाळं, एवढंच.

शनिवार, २९ नोव्हेंबर

पंकजला मानगूट धरून नेल्यासारखं टाकीखाली नेलं. त्याने यंत्र उघडून दाखवलं. चार कॅमेरे, चार वायरी. माझ्यासमोर त्याने चारही उपटल्या. तिथल्या छोट्या टीव्हीवर नळ गेला, झाड गेलं, जिना आणि गेटही गेलं, त्या जागी नुसत्या मुंग्या. मग माझी खोली आली. रिकामी खोली, स्वच्छ, कालच्यापेक्षा स्पष्ट.

पंकज मागे सरकला. "ताई, आईशप्पथ, ही वायर माझी न्हाई," म्हणाला. तो आजच बाडबिस्तरा घेऊन कोल्हारला भावाकडे गेला. यंत्र इथेच टाकून. माणूस वाईट नाही, पण मला एकटीला सोडून गेला याचा राग आलाच.

मंगळवार, २ डिसेंबर

भिंतीला चादर लावली. चित्रात चादर दिसत नाही, खोली दिसते. भिंतीला चुना मारला. चुना मारणारी मी दिसते. खाट उलट्या बाजूला नेली तर चित्रही फिरलं. टीव्ही बंद करून गोणपाटात गुंडाळून ठेवलाय. माझा बंद करून काय होणार? बाकीचे एकोणचाळीस चालू आहेत.

काकासाहेबांकडे गेले. म्हटलं, कॅसेट द्या, माझं चित्र आहे, माझा हक्क आहे. ते म्हणाले, कॅसेट कसली, हे आमी बसवलंच न्हाई. "आपसूक दिसाया लागलं. ज्यानं दार न्हाई काढलं त्याचं दिसतं." खोटं बोलत नव्हते. तेच वाईट.

आणि बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते. मी समोर, हाताच्या अंतरावर. ते टीव्हीकडे बघत होते, जिथे माझी खोली होती आणि त्यात मी नव्हते. मी बोलले की पडद्याकडे बघून मान डोलवायचे. बाहेर येताना दीपाच्या घरासमोर थांबले. तीही पडद्याकडे बघूनच मला हसली. तिच्या पोरांनीही.

किती वेळ कुणाचीच पापणी लवली नाही, ते मी मोजायला लागले आणि मधेच सोडून दिलं.

शनिवार, ६ डिसेंबर

सकाळी श्रीरामपूरला गेले. पांढरी साडी नेसून सगळ्यांबरोबर अभिवादनाला उभी राहिले. मग आईच्या मांडीवर डोकं ठेवून सगळं सांगितलं. ती म्हणाली, सोड ती खोली, घरी ये. दादा मला स्टँडवर सोडायला आले.

बसमध्ये बसेपर्यंत मलाही वाटत होतं, सोडावी. मग वाटलं, का? चोरी मी केली नाही. डोकावले मी नाही. आणि आज मी निघाले तर उद्या जी कुणी येईल तिला मोरीचं पत्र्याचं दारसुद्धा राहणार नाही. दादांनी बसच्या खिडकीतून कोऱ्या कागदांचं पाकीट दिलं. म्हणजे त्यांचं मत कळलं.

परत आले. कडी लावली. गेटवर कुणीतरी म्हणालं, पांढरी साडी शोभते. मी ती वसाहतीत यायच्या आधीच बदलली होती. श्रीरामपुरात.

गुरुवार, ११ डिसेंबर

लाईट नाही. सकाळपासून. आनंद! आज कुणाचाच टीव्ही चालू नाही. आज मोकळी आहे, वाट्टेल ते लिहिणार.

तर. काकासाहेब हा गोड बोलून दुसऱ्याचं घर पाडणारा माणूस आहे.

—

आत्ता. हे वरचं वाक्य लिहून पूर्णविराम दिला आणि खालून, अंगणातून, काकासाहेबांचा आवाज आला. "घर न्हाई पाडत, पोरी. दारच काढतो निस्तं."

खिडकीतून बघितलं. घरोघरी, बिनदाराच्या घरांत, सगळे टीव्हीसमोर बसले आहेत. टीव्ही बंद. काळी काच. तिच्याकडे बघताहेत.

ते वही वाचताहेत.

शुक्रवार, १२ डिसेंबर

खात्री करायला हवी. मी केमिस्ट आहे. नमुना तपासल्याशिवाय निष्कर्ष काढत नाही.

म्हणून लिहिते: पाण्याच्या टाकीत मांजर पडलं आहे.

—

पाच मिनिटं. चार बाप्ये टाकीवर चढले. दोर, बादली. काकासाहेब खाली उभे राहून सांगताहेत, डावीकडं बघा.

हसून हसून पोटात दुखायला लागलं. मग हसू थांबलं. मांजर नाही म्हणून कुणी चिडलं नाही. चौघे उतरले, हात पुसले, जाऊन पुन्हा काचेसमोर बसले. वर मान करून माझ्या खिडकीकडे कुणीच बघितलं नाही. गरजच नाही त्यांना.

वही बंद करावी का? नाही. लपवायचं असतं तर लपवून लिहिलं असतं. ही वही माझी आहे.

शनिवार, १३ डिसेंबर

दारावर थाप नाही, हाक आली. "वृषालीबाई, येऊ का?" रतनबाई. बाहेर उभी. महिन्याभरात मला विचारणारं पहिलं माणूस. मी कडी काढून तिला आत घेतलं, पुन्हा लावली.

तिने माझ्याकडे बघितलं. माझ्या डोळ्यांत. मला रडूच फुटलं, आणि तिने पदराने माझं तोंड पुसलं. म्हणाली, माझ्याकडं चला ऱ्हायला. "दार हाय. लावा न्हाईतर नका लावू, तुमचं तुमी ठरवा."

मी म्हटलं, आधी सोमवारी नगरला. कलेक्टर कचेरीत अर्ज द्यायचा, दोन सह्यांचा, पोच घ्यायची, मग तुमच्याकडे. तिला पटलं. सकाळी सहाच्या गाडीला ती स्टँडवर थांबणार आहे.

हे सगळं मी मुद्दाम लिहिते आहे. वाचा. सोमवार. सहाची गाडी. काय करायचं ते करा.

रविवार, १४ डिसेंबर. सकाळ

सगळे अंगणात जमलेत. टीव्ही आतच आहेत. आता काचही लागत नाही त्यांना. भिंतीकडे तोंड करून उभे आहेत, माझ्या भिंतीकडे, आणि मी लिहिते ते मोठ्याने म्हणताहेत. एका सुरात. शाळेत पाढे म्हणतात तसे.

असं होय. मग म्हणा.

कॅमेऱ्याचं तोंड कुणाच्या दाराखिडकीकडे नसावं. — म्हणाले.
ज्याचं चित्र त्याचा हक्क. — म्हणाले. दीपाचा आवाज ओळखू आला.
आठ दिवसांनी पुसावं. — म्हणाले.
नव्या माणसाला आधी विचारावं. — काकासाहेबांसकट, खणखणीत.

एकही सही दिली नव्हती ना? आज तोंडाने म्हणायला लावलं. मला इतका आनंद या वसाहतीत पहिल्या दिवसानंतर झाला नव्हता.

दुपार

एक शब्द पुढे आहेत ते.

मी 'एक' लिहायच्या आधी ते 'एक' म्हणाले. वाटलं, भास. पण नाही. माझं पेन टेकायच्या आत शब्द खालून येतो आणि मग हात तोच लिहितो.

ते म्हणाले, मी पाणी प्यायले. पेला हातात होता. रिकामा. कधी उठले, कधी भरला — आठवत नाही. ओळ मात्र लिहिलेली आहे. माझ्याच अक्षरात.

म्हणजे ते म्हणतात ते मी लिहिलं की —

कळलं. लिहायचं नाही. त्यांचं लिहायचं नाही.

तीन वाजता

डाव्या हाताने लिहिते. अक्षर वेडंवाकडं. डाव्या हाताला त्यांचं अजून ऐकू येत नाही नीट.

जिन्यावर पावलं. सगळा जिना भरलाय. दार ढकलत नाहीत. एकानेही बोट लावलं नाही. त्यांना दार मोडायचंच नाही — मी काढायला हवंय. मी. माझ्या हाताने.

म्हणताहेत, मी वही मिटली.
मिटली नाही.

म्हणताहेत, मी उठले.
खाटेवर आहे. पाय वर घेऊन. भिंतीला टेकून.

म्हणताहेत, मी कडीला हात —
हात इथे आहे. या ओळीवर. दिसतोय ना? दिसतं ना तुम्हाला सगळं?

उजवा हात खाटेच्या गजाला ओढणीने बांधला. दाताने गाठ मारली. सुटू पाहतोय. सुटू देणार नाही.

दीपा दाराच्या फटीशी रडते आहे. रडत रडत म्हणते आहे, मी कडी काढली, मी कडी काढली. दीपा, तू नाही गं. तुला हे नकोय, मला माहीत आहे. तुझं दार थप्पीत सगळ्यात वर आहे. जा, घेऊन जा ते. खुणा अजून आहेत त्यावर.

—

ती थांबली. तिचा आवाज त्यांच्यातून निघून गेला. पावलं. एकटीची. जिना उतरताहेत.

एक कमी.

म्हणजे होतं. होऊ शकतं.

काकासाहेब जोरात म्हणताहेत आता. सगळे जोरात. कडी थरथरते आहे — वारा नाही — मी हललेले नाही. डावा हातही जड व्हायला —

नाही.

सुचलं काहीतरी. आत्ता. पूर्ण वाक्य, शेवटच्या शब्दासकट. मनात आहे आणि खाली —

गप्प. सगळे गप्प झाले. ते त्यांना येत नाही. एकालाही नाही. बाकीची घरं तोंड उघडं ठेवून थांबली आहेत, मी लिहीन म्हणून. कडी स्थिर आहे.

थांबा मग, शेवटचा शब्द मी मनातच ठेवणार. मी तास तास थांबून उसाचा रस तपासते, तुम्हाला घाई असली तरी मला नाही. हे एक वाक्य माझं आहे. ते मी कुणालाही न विचारता केलंय आणि ते असं आहे की उद्या सकाळी सहा वाजता मी